हिशोबात नसलेला माणूस

वच्छलाबाईंनी आधी धरणगावजवळच्या सासरी संसार केला, मग छावणीच्या क्वार्टरात, आणि पुढे मुलींच्या शाळेसाठी जळगावात भाड्याच्या खोल्यांत. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचं. नवरा, फौजेतला हवालदार भटू बोरसे, सुट्टीपुरता घरी येई. निघताना मात्र परत यायचंच नाही अशी तजवीज करून जाई. कोठी धान्याने भरायची, जादा सिलिंडर आणून ठेवायचा, कागदपत्रं कुठे आहेत ते दोनदा सांगायचं. बाई तोंडाने हो म्हणत आणि आतून जळत.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी गडी सुट्टीवरच! स्वतःचे कपडे धुवायचे, घडी घालायची, पुन्हा पलंगाखालच्या काळ्या पेटीत. बाईंच्या कपाटाला त्याने कधी हात लावला नाही.

असोदा रस्त्याला नवी घरं उठत होती. त्यातलं मोठं घर बाईंच्या मनात भरलं. दोन्ही मुली एकदम माहेरी आल्या तरी कुणाला ओट्यावर निजावं लागणार नव्हतं. भटूभाऊ एवढंच म्हणाले, "लहानं लेऊत." लहान का घ्यायचं, ते सांगेनात. बाईंनी तोंड फुगवलं. जन्मभर वाट पाहायला लावली आणि आता हात आखडता घेतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

बँकेत कर्जाचं काम पलक नावाची मुलगी बघायची. माजी सैनिकाची पेन्शन याच बँकेत येते म्हटल्यावर तिने भराभर आकडे मांडले. हप्ता, मुद्रांक शुल्क, नोंदणी, विमा, सगळं धरून ती हसत म्हणाली, "काका, तुमच्या पेन्शनीत मोठं घर आरामात बसतं."

"माझी पेन्शन नका धरू," भटूभाऊ म्हणाले. "मी गेल्यावर हिला मिळेल ती धरा. ती कमी असते. त्यात बसेल तेवढंच घर."

"पण कर्जावर तुमचा विमा आहे ना, काका."

"विम्याचे कागद फिरतील तोवर हप्ता थांबतो का, बेटा?" मग बाईंकडे न बघता ते पुटपुटले, "नंतर तुले जड जावाले नको."

बाईंना एकदम सगळं समजलं. हाही माणूस किती वेडा! कोठी भरून ठेवायची जुनी खोड. त्यांना हुंदका आला, आणि रागही आला.

"बठ्ठा हिशोब व्हयना," त्या म्हणाल्या. "पन त्यामा तुम्ही कोठे शेतस?"

हिशोब सगळा झाला होता; भटूभाऊ त्यात स्वतःला शोधत आकड्यांकडे बघू लागले. पलक उगाच कीबोर्ड पुसत बसली.

पदराने डोळे टिपून बाईच तिला म्हणाल्या, "लहान घरच धर, पोरी. यांचा जीव स्वस्थ राहील. मुली आल्या तर बाहेरच्या खोलीत गाद्या टाकू. फक्त खर्चात भिंतीतलं एक कपाट वाढव. मोठं, दोघांचं."

"कपाट त शे ना तुले," भटूभाऊ म्हणाले.

"मले शे. तुमले कोठे शे? ती पेटी पयले रिकामी करा."

पलकने कपाट मांडलं. हप्ता थोडासा वाढला, तरी भटूभाऊंनी मान डोलावली.

घर हाती यायला अजून अवकाश होता. पण त्याच संध्याकाळी भाड्याच्या खोलीत बाई भाकरी थापत होत्या, तेव्हा मागे पेटीची कडी वाजली. त्यांनी वळून पाहिलं. हवालदार बोरसे आपले शर्ट एकेक करून बाईंच्या कपाटात लुगड्यांशेजारी ठेवत होते.