शाळेच्या अंगणातल्या फुल्या

आई शाळेतून घरी आली की तिच्या पदराला धुराचा आणि लसणाच्या फोडणीचा वास यायचा. आमच्या गावातल्या सरकारी मराठी शाळेत ती दुपारचं जेवण रांधायची. शाळेतली सगळी पोरं तिला मौशी म्हणत. लहानपणी मला याचा थोडा राग यायचा. तिच्या हातचा गरम वरण-भात गावभरची पोरं खायची, आणि मी, तिची एकुलती एक मुलगी, आदिलाबादच्या इंग्लिश शाळेत सकाळी भरलेला गार डबा उघडायची.

आमच्या घरात प्रत्येक पिढीची शाळा वेगळी. आजोबा निजामाच्या काळात उर्दू शिकले आणि शेवटपर्यंत गावातल्यांना जमिनीचे जुने कागद वाचून दाखवत राहिले. बाबा याच मराठी शाळेत शिकले, पण कचेरीत गेले की तेलुगूत अडायचे. त्यांनी ठरवलं, मुलीला अशी भाषा शिकवायची की राज्य कोणाचंही आलं तरी तिचं अडू नये. मी शाळेत असतानाच तेलंगणा झालं, पाठोपाठ आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा बाबांना आपला निर्णय फारच बरोबर वाटला. रोज सकाळी पिवळी व्हॅन मला घेऊन मावला गावावरून शहरात जायची. व्हॅन गावाबाहेर पडताना मराठी शाळेत प्रार्थना सुरू व्हायची. तिची पहिली ओळच मला नेहमी ऐकू यायची, पुढची नाही.

कधी माझ्या शाळेला सुटी असायची आणि मराठी शाळा चालू. अशा दिवशी मी आईबरोबर जायची आणि चुलीमागे बसून राहायची. पोरं व्हरांड्यात मांडीला मांडी लावून पंगतीत बसत. शाळेतल्या एका तेलुगू सरांच्या सवयीने वरणाला सगळे पप्पू म्हणत, आणि आई डाव घेऊन निघाली की "मौशी, पप्पू! मौशी, पप्पू!" असा कल्ला व्हायचा.

"ए इंग्लिशवाली, ये ना जेवाले!" कोणीतरी ओरडायचं.

"तिले चमचा पायजे ना बे! आन चमचा!"

सगळे हसायचे. त्यात वाईटपणा नव्हता हे मला आता कळतं. तेव्हा मी "भूक नाही" म्हणायची. आई माझ्याकडे एकदा बघायची आणि पुढच्या ताटाकडे वळायची. तिने कधी आग्रह केला नाही. मला वाटतं, ती मी स्वतःहून उठण्याची वाट बघत होती.

मग करोना आला आणि शाळा बंद झाल्या. माझं कॉलेजही बंद झालं, मी हैदराबादहून घरी आले आणि मोबाईलला रेंज मिळावी म्हणून गच्चीवर बसून तास ऐकू लागले. शाळेतले आईचे मोठे गंज, म्हणजे भात-वरणाची पातेली, खोलीत पालथे पडले. पोरांच्या वाट्याचे तांदूळ त्यांच्या घरी जाऊ लागले. पोरं हळूहळू कपाशीच्या शेतात दिसू लागली, आधी हौसेने, मग रोजच.

दुसऱ्या उन्हाळ्यात आईला ताप आला. शहरातल्या दवाखान्यात तिला नळी लावली होती आणि आम्हाला आत सोडत नव्हते. ती परत आली तेव्हा गोठ्यापासून दारापर्यंत येताना तिला मध्ये बसावं लागायचं. बोलता बोलता ती थांबायची, श्वास घ्यायची आणि वाक्य तिथूनच पुढे न्यायची, जणू मध्ये काही झालंच नाही. त्या थांबण्याची मला इतकी धास्ती बसली की ती बोलायला लागली की मीच श्वास धरून ठेवायची.

पावसाळा सरत आला आणि शाळा उघडणार असं कळलं. त्याच दुपारी आई मला न सांगता शाळेत गेली. मी शोधत गेले तर ती गंजावर चढलेला तांबूस थर राखेने घासत बसली होती.

"आई, हे काय?"

"दिसत नाई काय? घासून राह्यली."

"कोणी सांगितलं तुला?"

"गंजाले काट चढून राह्यला, तो सांगते."

घरी बाबांनी साफ नाही म्हटलं. "लय रांधलं आतालोक. पोराईच्या तोंडातून कोनती हवा येईन, काय सांगाव? तुले आनखी एकदा तो दवाखाना पायना हाय काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलकडे पाहिलं. बाबांचं म्हणणं मला पटलं होतं, पण तिला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. मी मनात एवढंच मागत होते, शाळा उघडू दे, पण जेवण बंद राहू दे. तांदूळ घरी मिळतात तसेच मिळोत.

दोन दिवसांनी शाळेत पालकांची बैठक झाली. हेडसर मूळचे तेलुगू. उटनूरकडून बदली होऊन आले होते आणि मराठी आमच्या पोरांकडूनच शिकले होते, त्यामुळे ते थेट पोरांसारखं बोलत. पिंपळाखाली सगळे लांब लांब उभे राहिले. आई पायरीवर बसली, मी तिच्या मागे.

"पोट्टे आले नाई तं शाळा कायची?" सर म्हणाले. "वरतून पट इचारतात. पट कमी झाला तं ही शाळा तेलुगू शाळेत मिसळून टाकतीन. मंग मले बोल लावू नका."

"तुमी सांगता खरं," शेजारची काकू म्हणाली, "पन मोठ्याईले सुई देल्ली, पोराईले कोन देल्ली? ते आजार घरी आनतीन आन म्हातारे जातीन."

"मास्क लावून बसवू ना."

"लावा! माह्या पोट्ट्याले मुसकं बांधल्यावानीच दिसते ते. पन बैलाचं मुसकं बी चारा खाताना सोडा लागते. पोट्टे जेवतीन कसे?"

सगळे हसले, पण खरा प्रश्न तिथेच होता. वर्गात खिडक्या उघडता येत होत्या, तोंडं झाकता येत होती. जेवायला मात्र सगळ्यांनी तोंडं उघडून एकत्र बसायचं, त्या एवढ्याशा व्हरांड्यात. कोणीतरी म्हणालं, जेवण बंदच ठेवा. दुसऱ्याने उलट विचारलं, "जेवन नाई तं माहा पोट्टा येतेच कायले? वावरात त्याले दुपारची भाकर तं भेटते."

आईची पाठ माझ्यासमोर होती. ती श्वास घेत होती ते मला पदराच्या हालण्यावरून कळत होतं.

"ए पोरी," सरपंचांनी एकदम मला विचारलं, "तू शिकेल हाय ना इंग्लिशमंदी. सांग बरं, दोघाईत किती अंतर ठेवा लागते?"

इतक्या लोकांत बोलायचं म्हटलं की माझे कान तापतात. पण या वेळी मी लगेच बोलले. व्हरांडा मला पाठ होता. खरं अंतर सांगितलं की तिथे पाच-सहा पोरंही मावणार नाहीत आणि विषयच संपेल, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"सहा फूट," मी म्हणाले.

मग पिंपळाला टेकून उभे असलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "म्हंजे दोन फुल्या."

आमच्याकडे कापूस फुलीवर लावतात. एका आडव्या लाकडाला सारख्या अंतरावर दात बसवलेले असतात. ते वावरात आधी उभं ओढायचं, मग आडवं. रेषा एकमेकींना कापतात ती फुली, आणि बी तिथेच टाकायचं. सगळं रान चौकटीचं होतं.

"आपली फुली तीन फुटाची," दुसरा म्हणाला. "एक सोडून एक धरली का झाले सहा."

"व्हरांड्यात फुली मारसान काय, बापा?"

"व्हरांड्यात कायले? हे मैदान काय बैल बसाले ठेवलं?"

मी आईची पाठ पाहिली. ती ताठ झाली होती. "मी उघड्यावर रांधीन," ती म्हणाली. थांबली, श्वास घेतला. "पोराईजवळ जानार नाई. वाढाले माही पोरगी येईन."

मला कोणी विचारलं नाही. सर म्हणाले, "मस्त!" आणि बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले दोघंतिघं शाळेच्या मैदानात फुली मारायला गेले. बाबा नुसतं बघायला म्हणून गेले आणि थोड्या वेळात त्यांचा आवाज घरापर्यंत आला.

"अरे, वाकडं चाललं! समोरच्या खांबावर नजर ठेव ना! आन इकडे!"

बाबांच्या फुल्या गावात सगळ्यात सरळ. वाकडी रेघ त्यांना सहन होत नाही, मग ती कशासाठी का मारलेली असेना. आदल्या रात्रीच्या पावसाने माती हवी तेवढी ओली होती. दुपारपर्यंत पिंपळापासून कुंपणापर्यंत सगळं मैदान चौकटींनी भरलं. एक सोडून एक फुलीवर चुन्याचा ठिपका ठेवला. बाबा घरी आले, पाय धुतले आणि आईला म्हणाले, "चूल वाऱ्याच्या अंगाले मांडजो. धूर तुह्या तोंडावर याले नाई पायजे." त्यांचा नकार तिथे संपला.

शाळा उघडली त्या दिवशी पोरं मास्क लावून, नव्या चपला घालून आली. कित्येकांना मी ओळखलंच नाही, दीड वर्षात ती उंच झाली होती. दुपारची घंटा झाली. मी तोंड बांधून, भाताची बादली घेऊन व्हरांड्याच्या कडेला उभी राहिले. पोरं मैदानात पळाली आणि एकेका ठिपक्यावर दोन दोन जण पाठीला पाठ लावून बसले.

सर धावत आले. "काय करून राह्यले तुमी? एका फुलीवर एक! एक!"

"सर, फुलीवर दोन बिया टाकतात," एक लहान मुलगी शांतपणे म्हणाली. "एक नाई उगवली तं दुसरी उगवते."

सरांना शेतीतलं काही कळत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आई चुलीपाशी हसत होती, इतकी हसत होती की तिला दम लागला आणि तिने गंजाच्या काठाला हात टेकला. मी बादली खाली ठेवून निघाले, तर तिने तिथूनच हात करून मला थांबवलं. मग श्वास जुळल्यावर पोरांना ओरडून म्हणाली, "दोनी उगवल्या का एक उपटतात ना बे! आता तुमी दोनी उगवले. उठा एकेक!"

हे मात्र सगळ्यांना पटलं. जोड्यांमध्ये कोण उपटायचं यावरून थोडी भांडणं झाली, पण पोरं विखुरली. कोणी कुंपणाजवळ, कोणी पिंपळाच्या मुळापाशी. ठिपका नसलेल्या फुल्या मध्ये रिकाम्या राहिल्या. एवढ्या लांब बसून ती सगळी अचानक गंभीर दिसू लागली.

मी आधी भात, मग वरण वाढत गेले. मास्क निघाले तशी तोंडं दिसू लागली, कोणाचे पुढचे दात पडलेले, कोणाच्या ओठावर मिसरूड. प्रत्येक जण "पप्पू, पप्पू" म्हणत होता, पण मला काय हाक मारावी ते त्यांना कळत नव्हतं. मौशी तिकडे लांब होती आणि मी कोण? शेवटी त्याच लहान मुलीने सोडवलं. "अक्का, पप्पू," ती म्हणाली, तेलुगूत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. मग मी सगळ्यांचीच अक्का झाले.

मधेच एक मुलगा खोकला. अख्खं मैदान थांबलं. शेजारच्या फुलीवरचा मुलगा हातातला घास तसाच धरून बसला. मला पुढे जावं की मागे सरावं ते सुचेना.

"मिरची गेली," खोकणारा डोळे पुसत म्हणाला. त्याने ताटातून अर्धी चावलेली हिरवी मिरची उचलून सगळ्यांना दाखवली. तेव्हा कुठे जेवण पुढे सुरू झालं.

सगळ्यांना वाढून झालं तरी पिंपळाच्या अलीकडचा एक ठिपका रिकामाच होता. ठिपके पटाएवढेच मारले होते; एक मुलगा अजून शेतातलं काम सोडून शाळेत आला नव्हता. मी बादली घेऊन चुलीकडे निघाले. आई डाव गंजावर आडवा ठेवून त्या रिकाम्या फुलीकडे पाहत होती.

"तो खाडा काऊन ठेवला?" ती म्हणाली. जिथे बी उगवत नाही त्या जागेला आमच्याकडे खाडा म्हणतात, आणि पेरणीनंतर बाया पुन्हा बी घेऊन वावरात जातात ते खाडे भरायला.

"तो पोरगा आला नाही."

"तो येईन तवा येईन. खाडा भरा लागते." थांबली, श्वास घेतला. "बस."

"भूक..." मी सुरुवात केली आणि पुढचा शब्द बोलले नाही.

ताट घेतलं, भात घेतला, वरण माझं मीच वाढून घेतलं आणि त्या ठिपक्यावर जाऊन बसले. ओढणी खाली केली. माती अजून थंड होती. वरणात लसूण जास्त होता, पदराला यायचा तोच वास. दोन फुल्यांपलीकडून कोणीतरी म्हणालं, "अक्काले चमचा आना बे!" आणि पोरं हसली. मीही हसले, तोंडात घास होता तरी.

काही दिवसांनी मोठा पाऊस आला आणि चुन्याचे ठिपके वाहून गेले, रेषाही गेल्या. तोवर पोरांना आपापल्या जागा पाठ झाल्या होत्या, आणि मलाही. आजही कुठल्या पंगतीत बसले की मी नकळत समोर पाहते. त्या पहिल्या दिवशी मी मान वर केली तेव्हा आई चुलीपासून, मधल्या सगळ्या पोरांच्या डोक्यांवरून, माझ्या ताटाकडे बघत होती. भात संपत आलाय का, एवढंच तिला बघायचं होतं. तिने लांबूनच डाव उंच करून दाखवला.

मी ताट पुढे केलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की वाढायला मलाच उठावं लागणार आहे.