पाय लागला की

माझ्या भाच्याइतका सभ्य बचावपटू फुटबॉलला आजवर लाभला नसेल, आणि खरं सांगायचं तर फुटबॉलला त्याची काही गरजही नव्हती. चेंडू घेऊन येणाऱ्याला पायानं अडवायचं, हे त्याचं काम. आणि कुणाला पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा, तो हात छातीशी न्यायचा, ही त्याची सवय. ती तशी आपल्या सगळ्यांनाच असते, पण कुठे थांबायचं ते आपल्याला कळतं. याला कळत नसे. एसटीत कुणाच्या पिशवीला पाय लागला तरी हा पिशवीला नमस्कार करी. अकोल्याच्या स्टँडवर झोपलेल्या कुत्र्याला अडखळला, तर त्यालाही केला. कुत्र्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा झोपलं. याचे वडील फार लवकर गेले. जाण्याआधी पोराला एवढी एकच गोष्ट पक्की शिकवून गेले होते.

खेळासाठी तो अमरावतीला माझ्याकडे राहायला आला. मैदानात त्याला ओलांडून कुणी जाईल तर शपथ. पण चेंडू काढून घेतला की हा खाली वाकलेला. एकदा पंचांना वाटलं, पडलेल्या पोराला हा चिडवतोय. त्यांनी पिवळं कार्ड दाखवलं. "मामा, माणसाले पाय लागला ना जी," घरी येईपर्यंत तो मला समजावत होता. आमच्याकडच्या पोरांना त्याची सवय झाली होती. तीही उलट नमस्कार करत आणि खेळ पुढे सरके.

मग दूरच्या शहरातल्या एका व्यावसायिक संघानं त्याला वर्षाच्या करारावर घेतलं. बहिणीनं गल्लीभर पेढे वाटले. पहिल्याच सामन्यात यानं चेंडू सुरेख अडवला, समोरचा पडला, हा वाकला, आणि तेवढ्यात दुसऱ्यानं तोच चेंडू याच्या पाठीमागून नेऊन गोल केला. पुढचे तीन महिने हा बाकावर बसून होता. एका दुपारी त्याचा फोन आला.

"मामा, सर म्हणतात, हे सोड नाहीतर वर्ष संपलं की घरी जा. पण हात आपोआप जाते. काय करू?"

मी जरासुद्धा विचार केला नाही. "सोडून दे," म्हटलं. "तिथं सगळ्याईचेच पाय सगळ्याईले लागतात. तुह्या बापाले काही वाईट नाही वाटणार."

"पाहतो जी," म्हणून त्यानं फोन ठेवला.

पण त्यानं सोडलं. सरावात दोन्ही मुठींत रुमाल आवळून धरायचा म्हणे. हळूहळू सामने मिळाले, करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला, आणि मी अमरावतीत भेटेल त्याला ही बातमी सांगत सुटलो.

या दिवाळीत तो अकोल्याला आला. बहिणीकडे आम्ही शेजारी शेजारी जमिनीवर जेवायला बसलो होतो. मांडी बदलताना त्याचा पाय माझ्या गुडघ्याला लागला, चांगला जोरात. मी हातात घास धरून थांबलो. वरणाचं भांडं घेऊन आलेली बहीणही थांबली. तो पुढच्या मोसमाबद्दल सांगतच होता. मला फार वाईट वाटलं, आणि दोष कुणाला द्यायचा तेही मला ठाऊक होतं.

शेवटी त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. "कावून मामा, गुडघा दुखून राहिला काय?"

"थोडासा," मी म्हटलं.

बहिणीनं खाली वाकून त्याच्या ताटात वरण वाढलं.