टॉवेलची गुंडाळी

एका सोमवारी सकाळी माझी पत्नी वारली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलं होतं.

त्या ऑपरेशनसाठी ती दोन महिने पलंगावर बसून व्यायाम करत होती. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने दाबायची आणि दहा म्हणेपर्यंत तशीच धरायची. आकडे मोजायचं काम माझं होतं. माझ्या हातात पुस्तक असे, आणि मोजता मोजता मी एखाद्या वाक्यात हरवून जाई.

"अहो, सातावर काय मुक्काम ठोकलाय? पाय भरून आला माझा!"

मग मी घाईघाईने आठ, नऊ, दहा म्हणून टाकी आणि ती हसत पाय सैल सोडी.

आता, वर्षभराने, माझ्या गुडघ्याची पाळी आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, ऑपरेशननंतर घरी कोण असेल?"

"कोणी नाही."

"मग मांडीत ताकद आत्ताच आणायला हवी. आणि मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास कोंडणार नाही."

सकाळचं ऊन मांडीवर येतं. टॉवेल दाबला की कातडीखाली स्नायू हलतो, पाण्याखालून मासा जावा तसा. तिच्या पायांत रोज थोडी थोडी साठलेली ताकद कुठे गेली असेल? ज्या चालण्यासाठी तिने ती कमावली, ते चालणं कुठेतरी सुरू असेल का? असं वाटत राहतं, आणि ऊन पायावरून हळूच फरशीवर उतरतं.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. त्यानंतर या पलंगावरून माझं मलाच उठायचं आहे.