कंडक्टरबाईंच्या मारेकरी पेशी

सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी कंडक्टरबाईंनी घंटी दिली आणि पहिली बस आगारातून निघाली. मागच्या बाकावर एक गृहस्थ गाढ झोपले होते. बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. खऱ्या झोपेत माणसाचं तोंड उघडं पडतं. यांनी ते घट्ट मिटलं होतं.

"उठा, नाटक संपलं. तिकीट."

"पास आहे," डोळे न उघडता उत्तर आलं.

"मग पासाला जागं करा."

पास निघाला. गेल्या महिन्याचा होता. गृहस्थ पुढच्या थांब्यावर उतरले आणि उतरताना बाईंच्या घराण्याबद्दल काहीतरी पुटपुटले. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एरवी त्यांनी सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी त्यांचं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं.

बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत. बांधा आडवा, आवाज उभा. तिकिटं आता यंत्रातून निघतात, तरी पासाला भोक पाडायचा जुना चिमटा त्यांनी परत केलेला नाही. आगाराने दोनदा मागितला. दोन्ही वेळा तो हरवलेला होता. नवरा शाळेत गणित शिकवतो आणि घरात फारसं बोलत नाही. बोलायला धाकटा भाऊ आहे. तो शिंपी. ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची त्याची सवय, म्हणून बाई त्याला टाचण्या म्हणतात. सध्या तो मोठ्या रुग्णालयात काचेच्या खोलीत आहे.

टाचण्याच्या रक्ताचा आजार बरा करायला बाईंच्या हाडातली मज्जा त्याला दिली गेली. ती रुजली. पण नव्या मज्जेतून पहारेकरी पेशी पुरेशा तयार व्हायच्या आत एका जुन्या विषाणूने डोकं वर काढलं. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि मग जन्मभर अंगात गप्प पडून राहतो. टाचण्याच्या अंगात तो गप्प राहिला नाही. औषधाने विषाणू हटेना, मूत्रपिंडं मात्र बिघडायला लागली. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, की बहिणीच्या रक्तात या विषाणूला ओळखणाऱ्या मारेकरी पेशी असतील. त्या वाढवून भावाला देता येतील. आधी त्यांची परीक्षा होईल. नापास झाल्या तर परक्या माणसाच्या पेशी शोधाव्या लागतील. तेवढे दिवस टाचण्याकडे आहेत की नाहीत, यावर डॉक्टर काही बोलले नाहीत.

पेशी वाढवण्याचं काम रुग्णालयाच्या तळमजल्यावर चालतं. तिथल्या तंत्रज्ञ बाई रोज बाटल्यांना खाऊपिऊ घालतात, म्हणून कंडक्टरबाईंनी त्यांचं नाव माळीणबाई ठेवलं. रक्त द्यायला आल्या, त्या दिवशीच दोघींची जुंपली होती.

"माझ्या रक्तात मारेकरी आहेत हे माझ्या नवऱ्याला सांगू नका," कंडक्टरबाई म्हणाल्या. "त्याला आधीपासून संशय आहे."

"सध्या झोपलेत ते. उठवावं लागेल."

"मला द्या. उठवायचंच काम करते मी."

माळीणबाईंनी हसू दाबून समजावलं. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि ते अंगावरच्या तबकांत ठेवून बाहेर दाखवत राहते. आत विषाणू शिरला की त्याचेही तुकडे तबकात येतात. मारेकरी पेशी दारोदार फिरून ही तबकं तपासते. पण तिला मुळात जागं करतात त्या फांद्या फुटलेल्या वेगळ्या पेशी. त्या विषाणूचा तुकडा तबकात घालून मारेकऱ्यापुढे धरतात. तुकडा मारेकऱ्याच्या हाताला नेमका बसला, तर तो पहिला इशारा. एवढ्याने भागत नाही. त्याच फांद्यावाल्या पेशीकडून संमतीचा दुसरा इशाराही यावा लागतो. दोन्ही मिळाले, की मारेकरी फुगतो, दुभंगतो, एकाचे हजारो होतात.

"दुसरा इशारा आलाच नाही तर?"

"मग तो सुस्त होऊन बसतो. पुढे तोच तुकडा दिसला तरी हलत नाही."

"आमच्या साहेबांसारखा." कंडक्टरबाईंनी बाही वर केली. "आणि मारतात कसे?"

"आजारी पेशीला चिकटतात. तिच्या आवरणाला बारीक भोकं पाडतात आणि आत असा ऐवज सोडतात, की ती स्वतःच स्वतःला संपवते. मग हे सुटतात आणि पुढच्या दाराशी जातात."

कंडक्टरबाईंनी पर्समधून चिमटा काढला आणि हवेत एकदा दाबला. "घराण्याचा धंदा आहे," त्या म्हणाल्या.

माळीणबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. तबकाची घडण माणसागणिक वेगळी असते. मारेकरी तुकडा आणि तबक दोन्ही मिळूनच ओळखतो. तुकडा तोच पण तबक परकं असेल, तर सहसा पुढे निघून जातो. या भावंडांची तबकं तंतोतंत जुळतात. म्हणून तर मज्जा चालली.

परीक्षा अशी असते. शिंप्याच्या जुन्या, साठवून ठेवलेल्या रक्तपेशींत चमकणारा रंग भरतात. निम्म्यांवर विषाणूचे तुकडे चढवून त्यांना आजारी दाखवतात, निम्म्या निरोगी ठेवतात. मग त्यांच्यावर बहिणीचे मारेकरी सोडतात. मेलेल्या पेशीतून रंग गळतो आणि यंत्र तो मोजतं. आजाऱ्यांचा रंग गळायला हवा, निरोग्यांचा नको.

निकालाचा फोन आला त्याच दुपारी, बाजाराच्या थांब्यावर, गाडी खचाखच भरलेली असताना.

"ताई, नाही हो जमलं," माळीणबाई म्हणाल्या. "कुणालाच हात लावला नाही त्यांनी."

"कुणालाच?"

"एकालाही नाही. नुसते फिरत राहिले."

कंडक्टरबाईंनी घंटी द्यायच्या ऐवजी फोनचंच बटण दाबलं. गाडी उभीच राहिली. ड्रायव्हरने वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी घंटी दिली आणि उरलेल्या फेरीत प्रत्येकाचं तिकीट दोनदा तपासलं. कॉलेजच्या एका मुलीने विचारलं, "आत्ताच तर दाखवलं?" त्यावर त्या म्हणाल्या, "आत्ताच बघितलं. आता वाचते."

ड्यूटी संपल्यावर त्या गणवेशातच रुग्णालयात गेल्या. काचेपलीकडे टाचण्या उशीला टेकून बसला होता. ओठांत टाचण्यांऐवजी तापमापक होता. त्याने तो काढला आणि भिंतीवरचा फोन उचलला.

"कळलं मला," तो म्हणाला. "ताई, तुझ्या पेशी अगदी तुझ्यावर गेल्यात. नुसता दरारा. काम शून्य."

"टाचण्या, गप."

"सगळ्या गावाला खाली उतरवतेस. माझ्या वेळी मात्र फुकट्यांना खिडकीपाशी जागा दिलीस."

"बाहेर ये, मग दाखवते."

"ये म्हणतेस, पण आणशील कशी?" मग तोच घाईने म्हणाला, "त्या वकिलाचा कोट अर्धा शिवून पडलाय. त्याला सांग, डावी बाही आहे, उजवी युक्तिवादाने भागव."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन जागेवर ठेवला आणि काचेवर बोटाच्या पेराने एकदा ठोकलं. उतरायच्या थांब्याला असंच ठोकतात.

त्या घरी पोचून चपला काढत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. माळीणबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, आधी सगळं ऐकून घ्या, मग काय ते बोला."

माळीणबाईंची एक जुनी रीत आहे. कुणाही रुग्णाची परीक्षा असली, की त्या स्वतःच्या रक्तपेशींची एक बाटली शेजारी वाढवतात. रंग नीट भरतोय का, हे आधी आपल्या पेशींवर पाहायचं आणि मग रुग्णाच्या बाटलीला हात लावायचा. आपली बाटली कायम डावीकडे, रुग्णाची उजवीकडे. आदल्या दिवशी त्यांनीच कपाटातली फळी पुसली आणि बाटल्या परत ठेवताना उलट ठेवल्या. बाटलीवर चिठ्ठी असते, ती मोठ्याने वाचायचा नियमही आहे. पण सवयीचा हात चिठ्ठी वाचत नाही. संध्याकाळी आवराआवर करताना उरलेल्या पेशी टाकून देण्यासाठी त्यांनी डावीकडची बाटली उचलली आणि चिठ्ठीवर शिंप्याचा नंबर दिसला.

"म्हणजे रंग आधी त्याच्या पेशींवर तपासला," माळीणबाई म्हणाल्या, "आणि तुमचे मारेकरी सोडले ते माझ्या पेशींवर. आजाराचं सोंग दिलेल्या होत्या, पण तबकं माझी. ओळखणार कसे?"

नवऱ्याने गणिताच्या वह्यांतून मान वर केली.

"म्हणजे," कंडक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "माझी पोरं दिवसभर तुमच्या घरात होती."

"हो."

"आणि कुणाच्या केसालाही धक्का लावला नाही."

"नाही."

"संस्कार आहेत." मग आवाज चढला. "आणि माझ्या भावासमोर माझी अब्रू गेली ती? तो मला दरारा-शून्य म्हणाला! ती तुम्ही वाढवून देणार आहात का बाटलीत?"

"उद्या परत लावते परीक्षा. त्याच्या पेशी आहेत अजून. मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकलंय."

"मग उद्या चिठ्ठी वाचा. मोठ्याने. मी फोनवर ऐकते."

दुसऱ्या दिवशी माळीणबाईंनी खरोखरच फोन टेबलावर ठेवला आणि चिठ्ठी वाचली. सोबतीला उभ्या केलेल्या सहकाऱ्याने ती पुन्हा वाचली. तेव्हा बस पुलावर होती. कंडक्टरबाईंनी नंबर ऐकला, "बरोबर" म्हटलं आणि फोन बंद केला. नंबर त्यांना पाठ होता. टाचण्याच्या मनगटावर तोच बांधलेला आहे.

निकाल दुपारनंतर आला. आजारी दाखवलेल्या पेशींचा रंग भरपूर गळला होता. निरोग्यांचा जवळजवळ नाहीच. मोठ्या डॉक्टरांनी आकडे दोनदा पाहिले आणि सही केली. पेशी दिल्यानंतर विषाणू हटतो का, हे कळायला काही आठवडे जातील, असंही त्यांनी सांगितलं.

काचेपलीकडून टाचण्याने फोन उचलला.

"पास झाल्या म्हणे तुझ्या."

"पहिल्या वेळीही पासच होत्या. गाडी चुकीची दिली होती."

"ताई, त्या माझ्या अंगात आल्यावर मलाही तुझ्यासारखंच ओरडायची सवय लागेल का?"

"ओरडायला अक्कल लागते. ती बाटलीत वाढत नाही."

"उद्या येशील ना?"

"मी कशाला? माझी एवढी सगळी माणसं येतायत." बाईंनी पर्स उघडली आणि चिमटा काढून काचेवर धरला. टाचण्याने मनगट पुढे करून काचेला लावलं. बाईंनी अलीकडून चिमटा दाबला. आवाज त्याच्यापर्यंत पोचला नसणार.

उद्या सकाळी अकरा वाजता टाचण्याच्या हाताच्या शिरेतून त्या पेशी दिल्या जातील. बोटभर सिरिंज आहे, काही मिनिटांचं काम. कंडक्टरबाईंनी रजा टाकलेली नाही. वेळापत्रकाप्रमाणे त्यांची गाडी अकराला दोन मिनिटं कमी असताना रुग्णालयाच्या फाटकासमोर येते आणि तिथे चार मिनिटं थांबते.