धागा कुठं तुटला?

स्क्रीनवर एरर आली की तांबेजी आपली खुर्ची ओढत शेजारी येत आणि विचारत, "कुठं तुटला?" नव्या मुलांना वाटे, आपण काहीतरी मोडलं. मग ते समजावत, "अरे, धागा! मिलमध्ये धागा तुटला की माग आपोआप थांबतो. थांबला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं. आता तू तुझं कर. शेवटची ओळ जिथं नीट चालली, तिथून खाली बघत ये." प्रोग्रॅममधली चूक मी आजही अशीच शोधते.

तांबेजी कापड मिलच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी ठेवायला होते. मिल बंद होण्याच्या थोडं आधी तिथं कॉम्प्युटर आला. ते त्यावर जेमतेम शिकले आणि गेटला कुलूप लागलं. मग शहरातल्या तुकोगंजात, एका दवाखान्यावरच्या खोलीत, त्यांनी जुनी मशिनं मांडून क्लास काढला. कॉलेज संपल्यावर मी तिथं शिकायला गेले. शहर हिंदी बोलणारं, शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझी मराठी आईशी बोलण्यापुरती. चारचौघांत मी तोंडच उघडत नसे. तांबेजी मला चिडवायला "मॅडमजी" म्हणत.

क्लासला येणारे बरेचसे मिलमधलेच होते. शंकरराव जाधव हे तांबेजींचे जुने दोस्त, विणाई खात्यातले. शहराबाहेर हातोदच्या धान्यमंडीत एका व्यापाऱ्याला पावत्या छापायला ऑपरेटर हवा होता. "माणूस शिकवून पाठवा, ठेवतो," असं त्यानं तांबेजींना सांगितलं होतं. शंकररावांच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. ही नोकरी त्यांनाच मिळावी, असं तांबेजींनी मनाशी धरलं होतं.

पहिल्याच आठवड्यात शंकररावांनी कुठलासा चुकीचा आकडा टाकला आणि स्क्रीनवर 'इल्लीगल फंक्शन कॉल' असं उमटलं. ते ताडकन उठले, हात मागे घेतले. त्यांना इंग्रजी अक्षरं जुळवता येत, अर्थ लागत नसे. पण 'इल्लीगल' त्यांना माहीत होतं. संपाच्या वेळी गेटवर लागलेल्या नोटिशीत तो शब्द होता. "मैंने कुछ नहीं किया भिया," एवढंच म्हणून ते जिना उतरून गेले. पुन्हा आले नाहीत.

क्लासमधली पोरं हसली. तांबेजी हसले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "मॅडमजी, मशीन चुकीला काय म्हणतं, ते आपल्याला बदलता येतं ना?"

येत होतं. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एरर पकडून तिच्या जागी आपला मजकूर दाखवता येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते कशासाठी करायचं, हे मात्र तेव्हा कळलं.

मग रोज क्लास सुटल्यावर आम्ही बसू लागलो. मी इंग्रजीचा अर्थ सांगायचे, मराठी सुचवायचे आणि मशीनला देवनागरी येत नसल्यामुळे ती रोमन अक्षरांत टाइप करायचे. पहिल्यांदा मी शब्दकोश बघून लिहिलं, 'दिलेली संख्या ग्राह्य नाही.'

"ये क्या कोर्ट का समन है?" तांबेजी म्हणाले. "समज, शंकर समोर बसलाय. त्याला तू काय म्हणशील?"

मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. मग हळूच म्हणाले, "काका, हा आकडा चालत नाहीये. दुसरा टाकून बघा."

"हां! बस, हेच टाक. 'काका'सकट."

माझी मराठी मी अशी शिकले. समोर माणूस बसलाय असं धरून.

एका ठिकाणी मात्र त्यांनी मला थांबवलं. प्रोग्रॅम संपताना मी 'बंद' असं लिहिलं होतं. "हा शब्द नको," ते म्हणाले. "येता-जाता गेटवर वाचतो तो." आणि स्वतः एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं, 'आज इतकंच. उद्या या.'

दुसऱ्या दिवशी ते शंकररावांना सायकलवर डबलसीट घेऊन आले. "बैठ तो सही यार. मशीननं शिवी दिली तर मला सांग." तांबेजींनी मुद्दाम चुकीचा आकडा टाकला. शंकररावांनी अक्षरं जुळवत वाचलं, "का... का..." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

पावसाळा संपता संपता शंकरराव हातोदला नोकरीला लागले. त्यांच्या पावत्यांच्या प्रोग्रॅममध्येही आमचीच वाक्यं होती.

त्याच हिवाळ्यात तांबेजी गेले. सकाळी क्लास उघडायला निघाले आणि जिन्यातच बसले, ते उठले नाहीत. छातीत दुखायचं, तेव्हा 'गॅस है' असं ते घरी बायकोला, आमच्या काकूंना, महिनाभर सांगत होते. सगळ्यांना कुठं तुटला विचारणाऱ्या माणसानं स्वतःचं कुणाला कळू दिलं नाही.

काकूंनी मशिनं विकली. न्यायला टेम्पो आला, त्या दिवशी शंकरराव हातोदहून आले होते. "एक बार चला दे, बेटा," ते मला म्हणाले. मी प्रोग्रॅम चालू केला. त्यांनी मुद्दाम चुकीचा आकडा टाकला. मशीन त्यांना 'काका' म्हणालं. ते हसले आणि बाहीनं डोळे पुसले. मग त्यांनी प्रोग्रॅममधून बाहेर पडायचं बटण दाबलं.

आज इतकंच. उद्या या.

खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. स्विच शंकररावांच्या हाताशी होता. "तू दाब," ते म्हणाले. "मला नाही जमणार."

हॉर्न पुन्हा वाजला. मी ती ओळ एकदा वाचली आणि स्विच दाबला.