पाठीला बसणारी

कळंबात कुणी बाई बाळंत व्हायला आली की सुईणीच्या आधी धोंडूबाईला हाक जायची. सुईण अंबूबाई पुढे बसे आणि धोंडूबाई मागे. कळा देणाऱ्या बाईने पाठ टेकायची ती धोंडूबाईच्या छातीपोटावर, आणि तशी ऐसपैस जागा साऱ्या गावात दुसरी नव्हती. धोंडूबाई उंबऱ्यात उभी राहिली की घरातला उजेड कमी होतो, असं बायका म्हणायच्या आणि पदरात हसायच्या. पण आपल्यावर वेळ आली की त्याच आधी निरोप धाडायच्या. एकीने तर पाणवठ्यावर सांगितलं होतं, की नवऱ्याच्या अंथरुणापेक्षा धोंडूबाईच्या पोटावर डोळा बरा लागतो. कोण ते विचारू नका. ती अजून त्याच नवऱ्याकडे नांदते आहे.

धोंडूबाईला चेष्टेचं काही वाटत नसे. तिला सलत होतं ते वेगळंच. पाठीला बसणाऱ्या बाईला जे कळतं, ते कधी कधी पुढे बसलेल्या सुईणीलाही कळत नाही. तिची धाकटी बहीण ठमा तिच्याच अंगावर टेकलेली असताना गेली. दुसरं बाळंतपण, पोटात पोर आडवं. अंबूबाई पुढून "जोर कर गं, जोर कर" म्हणतच होती आणि इकडे धोंडूबाईला अंगावरचं ओझं एकदम वाढल्यासारखं वाटलं. जितं माणूस टेकलं तरी स्वतःला थोडं सावरून टेकतं. ठमाने सावरायचं सोडलं होतं.

ठमाची पहिली पोर जना धोंडूबाईनेच वाढवली आणि गावातल्याच गजाला दिली. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला जनाला दिवस गेले. आठव्या महिन्यात गावात आलेल्या नर्सबाईने तिचं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि म्हणाली, "मूल आडवं आहे. घरी काही करायचं नाही. दहिवलीच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या."

'आडवं' म्हटल्यावर धोंडूबाईच्या हातातला तांब्या खाली ठेवला गेला, तो तिला उचलता येईना.

जना मात्र एकाच गोष्टीवर अडून बसली. "मावशी, तू पाठीला बसनार असशील तर जाते. नायतर मला हितंच मरू दे."

"मरायचं नाव काढशील तर थोबाडीत दीन," धोंडूबाई म्हणाली. "बसंन की. मी काय कुठं पळून चाललेय? आनि पळाले तरी दिसंन लांबनं."

हसून वेळ मारून नेली खरी, पण पुढच्याच बाजाराला ती दहिवलीला जाऊन दवाखाना बघून आली. ओसरी, ओसरीतून आत जायला एक दार, आत एक उंच टेबल. टेबल एवढं अरुंद, की धोंडूबाईची एक मांडी त्यावर जेमतेम मावली असती.

"हितं पाठीला कुठं बसायचं?" तिने तिथल्या आयाबाईला, सोनुबाईला विचारलं.

सोनुबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हितं कोन पाठीला बसत नाय, मावशे. तू बसलीस तर आमाला टेबलाचंच बाळंतपन करावं लागंल. आनि आदी ह्या दारातनं शिरशील का? की गवंडी बोलवू?"

धोंडूबाईने घाम पुसल्याचं निमित्त करून दाराच्या रुंदीला पदर लावला आणि मापाला गाठ मारली. घरी येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही अंगांना कोळशाने खुणा केल्या आणि पदर ताणून बघितला. चांगला चार बोटं कमी पडला. आडवं होऊन शिरावं, तर पोटाचा घेर त्याहून मोठा. शिवाय 'आडवं' हा शब्दच तिला नकोसा झाला होता.

त्या दिवसापासून तिने भात सोडला. नुसती पेज, तीही वरवरची. कुणी विचारलं तर म्हणे, "जनासाठी सोमवार धरलेत."

"तुझ्याकडं रोजच सोमवार येतो का गं?" शेजारणी विचारायच्या. पण अंबूबाई हसली नाही. तिने धोंडूबाईच्या दंडाची लोंबती कातडी चिमटीत धरली. "गादीतला कापूस काढतेस व्हय? पोरगी टेकंल कशावर?"

धोंडूबाईने दंड सोडवून घेतला. जाड राहिली तर दार आड येणार, वाळली तर अंगात धरायची ताकद राहणार नाही. रोज चुलीपुढे बसून ती ह्याचाच विचार करी आणि उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येई.

भातकापणीच्या ऐन दिवसांत, भर दुपारी जनाला कळा सुटल्या. गावातल्या नामाचा टेंपो पेंढा भरून उभाच होता. धोंडूबाई पेंढ्यात बसली, जनाला अंगावर टेकवून घेतलं आणि गजा पुढे चढला. जनाच्या तोंडातून आवाज नाही. ओरडलं की पोर वर चढतं, असं कळंबात लहानपणापासून ऐकवतात. तिने पदराचा बोळा दातांत धरला होता. वाटेत प्रत्येक खड्ड्याला धोंडूबाई अंगावरच्या ओझ्याचा अंदाज घेत होती. सावरतेय, अजून सावरतेय.

दवाखान्यात सामसूम होती. सोनुबाईने जनाचा शांत चेहरा पाहिला. "पयलटकरीन ना? वरडत पन नाय, म्हंजे लय वेळ हाय. डॉक्टरीनबाई आत्ताच जेवून पडल्यात. बसा बाकावर."

बाकावर बसल्यावर जना तिच्या अंगावर टेकली, आणि ते ओझं वाढलं.

धोंडूबाईने जनाला गजाच्या हाती दिलं, उठली आणि दारात घुसली. एक खांदा आत गेला, पोटही थोडं गेलं, आणि मग ना पुढे ना मागे.

गजा घाबरून ओरडला, "बाई अडली! ओ, धावा, बाई अडली!"

बाळंतपणाच्या घरात ह्या शब्दाचा अर्थ एकच. डॉक्टरीणबाई अनवाणी, सुटल्या केसांनी धावत आल्या. "कुठाय? केव्हापासून अडलीय?" आणि समोर बघतात तर दारात धोंडूबाई.

"मी नव्हं हो, बाई," ती रडवेली होऊन म्हणाली. "ती माझ्या मागं हाय. पोर आडवं हाय."

सोनुबाईला आलेलं हसू तिथेच विरलं. डॉक्टरीणबाई आत, जना बाहेर, आणि मध्ये भिंतीसारखी धोंडूबाई. जिने पाठीला बसायचं, तीच वाट अडवून उभी.

"कापा मला," ती म्हणाली. "पन तिच्याकडं जावा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे लक्ष न देता हात वर केला आणि कडी ओढली. दाराची दुसरी फळी धाडकन उघडली. धोंडूबाई आत कोसळली. कळंबातल्या घरांना दारं एकाच फळीची. भिंतीच्याच रंगाची ही कायम कडी घातलेली फळी तिला भिंत वाटली होती. इतक्या दिवसांची पेज फुकट गेली.

जनाला टेबलावर घेतलं आणि धोंडूबाईला बाहेर काढलं. पण आत हात घालून मूल फिरवायची वेळ आली तेव्हा जना टेबलावरून उसळायला लागली. सोनुबाईला ती आवरेना.

"त्या बाईंना बोलवा," आतून आवाज आला. "त्या दारातल्या."

धोंडूबाई टेबलाच्या डोक्याशी उभी राहिली, जनाच्या काखांत हात घातले आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरलं. "वरड गं," ती म्हणाली. "बोळा टाक तो. खुशाल वरड."

जना ओरडली. धोंडूबाईच्या डोळ्यांपुढे पुन्हा तीच अंधारी. धोंडूबाई पडली असती तर जनाही पडली असती. मूल पायाळू निघालं, निळंजांभळं, मुलगी. दोन चापट्यांनी मांजरासारखं रडलं. पण मग रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई जनाच्या पोटावर मूठ दाबून उभ्या. धोंडूबाईने खाली बघितलंच नाही.

सोनुबाई कपडे आणायला बाहेर धावली. गजा आडवा आला. "काय झालं?"

"सुटली, बाबा," ती घाईत म्हणाली आणि निघून गेली.

दवाखान्यात सुटली म्हणजे बाळंत झाली. पण गजाची आई वर्षभर अंथरुणाला खिळून गेली होती, तेव्हा साऱ्या गावाने 'म्हातारी सुटली' म्हणूनच त्याची समजूत घातली होती. त्याने ओसरीवर बसकण मारली आणि गळा काढला.

आत धोंडूबाईच्या हातांत काहीतरी हललं. जनाने डोळे किलकिले केले.

"कोन रडतंय?"

"तुझा नवरा," धोंडूबाई म्हणाली.

"का?"

"तू मेलीस म्हनून."

डॉक्टरीणबाईंनी हळूच मूठ सैल करून बघितली, आणि पुन्हा दाबली नाही. जना थोडा वेळ बाहेरचं रडणं ऐकत राहिली.

"रडू दे जरा," ती म्हणाली. "लगेच सांगू नको."