ओमुराली आकेंचं अर्थिंग

ओमुराली आकेंचं दार आमच्या दारासमोर. वडीलधाऱ्याला आमच्याकडे आके म्हणतात. दार उघडलं की आधी झाळकामाचा धूर नाकात जायचा आणि मागून चहाचा वास. काराकोलच्या आमच्या इमारतीच्या छतावर त्यांची रेडिओची तार ताणलेली होती. तिच्यावर बसणारे कावळेसुद्धा रायकान आकेंच्याच नावावर मांडायची. रायकान त्यांच्या बरोबर खालच्या घरातली. आकेंच्या रेडिओची टिकटिक तिच्या टीव्हीत शिरायची.

"आके, काल मालिका ऐन रंगात, आणि नवरा बायकोला म्हणतो, टिक टिक टूऽऽ!"

"मग खरा नवरा आहे. घरोघरी तेवढंच बोलतात," आके म्हणायचे.

आके जन्मभर हवामान केंद्रात रेडिओवर होते. धाकटा भाऊ तुर्दाकून त्यांच्याच हाताखाली शिकला. पुढे तो खिंडीपलीकडे कोक-बुलाकला, बायकोच्या गावी राहायला गेला. तिथे फोन नव्हता, आणि बर्फानं खिंड बंद झाली की वसंतापर्यंत माणूसही येत-जात नसे. त्यातच त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. पण उजवा हात शाबूत होता, मोर्सची चावी दाबता यायची. त्याची बायको आनारकान त्याच्या खुणा ओळखायची. पण त्याचं बोलणं समजणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आके. रोज दिवेलागणीला दोघे भाऊ रेडिओवर बसत. मी कधी भांडं परत द्यायला गेले तर आके हसत सांगायचे, "म्हणतोय, शेजाऱ्याचा घोडा लंगडतोय, तो खूश आहे. शेजारी नाही, तुर्दाकून!"

मग आकेंचे कान गेले. अल्माटीच्या लेकीनं जुना संगणक पाठवला. रेडिओत येणारी टिकटिक ओळखून तो पडद्यावर अक्षरं उमटवायचा. भाऊ परत मिळाला म्हणून आकेंनी पेढे वाटावेत तसे सगळ्या जिन्याला बोर्सोक, तळलेल्या पिठाचे गोळे, वाटले. संगणक, रेडिओ, सगळं तांब्याच्या जाड पट्टीनं जोडून त्यांनी हीटिंगच्या लोखंडी नळाला बांधलं. इमारतीत राहणारे रेडिओवाले अर्थिंग असंच करतात. नळ मजल्यामजल्यातून थेट जमिनीत जातो, मग वेगळा खड्डा कोण खणतो?

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला पडद्यावरची अक्षरं तुटायला लागली. पुढे नुसतंच ई, टी, ई, ई. पलीकडे कोणी नसलं की हवेतल्या खरखरीची संगणक अशीच अक्षरं करतो. आकेंनी ओळखलं, म्हणजे त्यांना वाटलं की ओळखलं. "माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, पोरी. म्हणून गप्प बसलाय बिचारा. जोर वाढवायला हवा."

सगळा हिवाळा त्यांनी अॅम्प्लिफायर बांधला. लष्कराच्या भंगारातला मोठाला व्हॉल्व्ह, स्वयंपाकघरातल्या टेबलावर हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, थंड करायला जुना पंखा. मी सूप नेऊन ठेवायचे, ते निवून वर चरबी धरायची. रेडिओच्या पत्र्याला हात लागला की त्यांच्या बोटांना मुंग्या यायच्या. "थंडीनं," म्हणायचे आणि काखेत हात दाबायचे. यंत्र सुरू झालं तेव्हा आमचे दिवे मिचमिचले. रायकान जिन्यातून ओरडली, "आके, आता तर सासूही टिक टिक करायला लागली!" त्या दिवशी आके फार आनंदात होते. पण पडद्यावर तेच. ई, टी.

काही दिवसांनी रायकाननं मला तिचं दुरुस्त केलेलं घर बघायला बोलावलं. नवा ओटा, नव्या फरश्या, आणि भिंतीच्या कडेनं पांढरे शुभ्र प्लास्टिकचे नळ. संध्याकाळी आकेंच्या कानाशी ओरडून मी सगळं वर्णन केलं, नळांपर्यंत आले. त्यांनी कप खाली ठेवला.

"कधी घातले?"

"पहिला बर्फ पडला त्या सुमारास."

ते उठून आपल्या लोखंडी नळापाशी गेले. त्यावर बोट आपटून म्हणाले, "म्हणजे हा खाली प्लास्टिकपाशीच तुटतो, जमिनीपर्यंत जातच नाही. पोरी, अर्थिंग गेलं की संगणकाचीच खरखर रेडिओत शिरते. तुर्दाकून बोलत असेल, आणि हा डबा त्याच्यावर ओरडत असेल. बिघडले होते कान. मी हिवाळाभर तोंड मोठं करत बसलो."

दुसऱ्याच दिवशी इमारतीमागे आम्ही लोखंडी कांब ठोकली. जमीन दगडासारखी गोठलेली. मी किटली किटली उकळतं पाणी ओतत होते, ते घण घालत होते, थांबा म्हटलं तरी थांबत नव्हते. खिडकीतून नवी तार आत घेतली, सगळं जोडलं. पडदा कोरा झाला. एकही खोटं अक्षर नाही. आकेंनी हाक दिली आणि वाट बघत बसले. रोज बसले. पडदा कोराच.

खिंड उघडल्यावर आनारकान आली. विधवेच्या पांढऱ्या फडक्यात डोकं बांधलेलं होतं, विचारायला काही उरलं नाही. तुर्दाकूनचा रेडिओ तिनं लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून आणला होता. रायकान बोर्सोक घेऊन धावत वर आली, गळ्यात पडून रडली, चहा ओतायला बसली.

आनारकान आपल्या थोरल्या दिराच्या, आकेंच्या कानाशी वाकली. "बाइके, तुमचा आवाज एवढा मोठा यायचा की मला चुलीपाशी ऐकू यायचा. अगदी शेवटपर्यंत तो रोज उत्तर द्यायचा. चावी दाबायचा, थांबायचा, परत दाबायचा. मग माझ्याकडे बघायचा. मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही रागावला होतात का त्याच्यावर?"

मी रायकानकडे बघितलं. ती डोळे पुसत होती. नळाचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"नाही गं," आके म्हणाले. "माझे कान गेले."

"बघ ना, बाई," रायकान मोठ्यानं म्हणाली, "घरभर सामान मांडलं, आणि वेळेला काहीही उपयोगी पडलं नाही."

"खरंय, रायकान," आके म्हणाले. कप पुढे करून त्यांनी तिच्याकडून चहा घेतला.

रायकान गेल्यावर आनारकान पुन्हा त्यांच्या कानाशी म्हणाली, "शेवटी शेवटी एकच काहीतरी वाजवायचा. असं," आणि तिनं टेबलावर बोटानं टकटक केली. टकटक हाताला कळावी म्हणून आकेंनी तळवा टेबलावर पालथा पसरला आणि डोळे मिटले.

"परत."

तिनं परत वाजवलं. निराळंच झालं. ती गोंधळली. "नाही, असं नव्हतं... असं."

"परत वाजव, बाळ."

ती वाजवत राहिली, दर वेळी वेगळं. आके हात उचलेनात.